कायाकवरून शेवंड धरण्यासाठी शंकूच्या आकाराची हूप नेट: दोन हंगामांच्या वापरानंतर

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या खाडीत कायाक या वल्ह्याच्या लहान होडीवरून शेवंडी (लॉब्स्टर) धरण्यासाठी मी दोन हंगामांपूर्वी शंकूच्या आकाराची पाच हूप नेट घेतली. त्याआधीची तीन वर्षे माझ्याकडे जुन्या पद्धतीची, तळावर सपाट पसरणारी जाळी होती. त्यामुळे या परीक्षणात दोन्ही प्रकारांची तुलना आपोआपच येईल. माझे मत आधीच सांगते. जाळे म्हणून ही वस्तू उत्तम आहे, परंतु खोक्यात तिच्यासोबत येणारी दोरी, बोया (जाळ्याची जागा दाखवणारा तरंगता गोळा), आमिषाची पिशवी आणि बांधणी हे सगळे मोटरबोटीच्या मोकळ्या डेकचा विचार करून केलेले आहे. बसल्या जागेवरून हलता न येणाऱ्या कायाकवाल्याने त्यात बदल केले नाहीत, तर चांगले जाळेही रात्रीच्या पाण्यात त्रासदायक आणि काही वेळा धोकादायक ठरते. म्हणून पुढचे लेखन जाळ्याइतकेच, किंबहुना त्याहून थोडे अधिक, त्याच्या दोऱ्यांविषयी आणि जाळी एकमेकांवर रचण्याविषयी आहे.

ज्यांनी हे साधन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करते. हूप नेट म्हणजे कडक कड्याला मऊ जाळी बांधून केलेली झोळी. झोळीच्या मध्यभागी आमिष असते आणि वरच्या कड्याला बांधलेल्या दोऱ्यांनी ती पाण्यातून वर ओढतात. सपाट प्रकारात दोन-तीन कडी असतात, ती तळाला टेकताच एकमेकांवर आडवी पडतात आणि शेवंड त्यांच्यावरून चालत आमिषापर्यंत येते. शंकूच्या प्रकारात खालचे कडे मोठे आणि वरचे लहान असते, दोहोंच्या मध्ये ताठ आधारकाड्या असतात, त्यामुळे तळावरही जाळ्याचा आकार टिकून राहतो आणि शेवंडीला उतरणीवर चढून वरच्या तोंडातून आत उतरावे लागते. कॅलिफोर्नियाच्या नियमांत हे दोन्ही प्रकार स्वतंत्रपणे सांगितलेले आहेत. कोणत्याही कड्याचा आतला व्यास 36 इंचांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि शंकूच्या प्रकारात वरचे कडे किमान 15 इंचांचे, आधारकाड्या जास्तीत जास्त सहा आणि उभ्या सांगाड्याची उंची 10 इंचांपर्यंतच असावी लागते. माझ्या जाळ्यांचे खालचे कडे 32 इंचांचे आहे, आणि हे माप कायाकसाठी योग्य का आहे ते पुढे येईलच.

कायाकवाल्याला शंकूचे जाळे का सोयीचे, याचे कारण आपण ओढतो त्या पद्धतीत आहे. इथली शेवंड, म्हणजे पॅन्युलिरस इंटरप्टस, ही कोकणच्या किनाऱ्यावर आपण जिला शेवंड म्हणतो तिच्याच कुळातली आहे. तिला मोठ्या नांग्या नसतात. लांब जाड मिशा, काटेरी कवच आणि शेपटीचा जबरदस्त फटका ही तिची साधने. धोका जाणवताच ती शेपटी आवळून मागच्या मागे झेप घेते. सपाट जाळ्यावर ती उघड्यावर बसलेली असते, म्हणून पहिला हिसका जोराचा आणि त्यानंतरचे ओढणे अखंड असावे लागते. बोटीवर उभा राहिलेला माणूस पाठीचे आणि पायांचे बळ लावून हे सहज करतो. कायाकमध्ये बसलेल्याचे पाय पुढे पसरलेले असतात, त्याला फक्त हातांनी आणि खांद्यांनी ओढावे लागते, आणि दर खेपेला जेमतेम दोन फूट दोरी वर येते. सपाट जाळ्यांनी मी जितक्या शेवंडी वर आणल्या, तितक्याच बहुधा वाटेत गमावल्या. शंकूच्या जाळ्यात ती एकदा आत उतरली की तिला बाहेर पडण्यासाठी वरच्या लहान तोंडाकडे यावे लागते, आणि जाळे वर येत असताना पाण्याचा दाब तिला खालच्या झोळीत ढकलत असतो. दोरी ओढताना माझा हात क्षणभर थांबला, तरी हे जाळे ती चूक पोटात घालते. माझ्या दृष्टीने या जाळ्याचे सगळे मोल या एका गुणात आहे आणि सपाट जाळ्याच्या दुपटीहून अधिक किंमत त्यासाठीच मोजावी.

आता दोरीकडे वळते. प्रत्येक जाळ्यासोबत 100 फूट पिवळी पॉलिप्रॉपिलीनची दोरी मिळाली. ही दोरी स्वस्त आहे, कुजत नाही, परंतु पाण्यावर तरंगते. खाडीतल्या शेल्टर आयलंडच्या कडेने मी साधारण 15 ते 40 फूट खोलीत जाळी टाकते. तेवढ्या पाण्यात 100 फुटांची दोरी सोडली, तर उरलेली साठ-सत्तर फूट पृष्ठभागावर वेटोळी घालत राहते. येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींच्या पंख्यात ती अडकते. पायाने चालवण्याच्या कायाकच्या पात्यांत आणि सुकाणूत तर ती हमखास अडकते, आणि अंधारात कायाकच्या पोटाखाली हात घालून दोरी सोडवण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे त्याला हा दोष लहान वाटणार नाही. मी पाचही दोऱ्या बदलल्या. आता माझ्याकडे बुडणारी, बोटाएवढी जाड, हाताला न कापणारी विणलेली दोरी आहे. प्रत्येक जाळ्याला 50 फूट, आणि अधिक खोल जागेसाठी 30 फुटांचे वेगळे तुकडे, दोन्ही टोकांना घट्ट फास असलेले. मी भरतीच्या वेळच्या खोलीच्या सुमारे दीडपट दोरी ठेवते. दोरी त्याहून कमी असेल तर पाण्याची ओढ वाढताच बोया बुडतो किंवा जाळे उचलले जाऊन सरकते. ज्यांना जुनी तरंगणारी दोरीच ठेवायची असेल, त्यांनी निदान बोयाखाली आठ-दहा फुटांवर शिशाचा एक लहान तुकडा बांधावा, म्हणजे ढिली दोरी पाण्याखाली उभी राहते आणि पृष्ठभागावर पसरत नाही.

दोरी जिथे जाळ्याला मिळते तिथे तीन दोऱ्यांचे शिंके असते. खोक्यातून आलेले शिंके मला दोन कारणांनी पटले नाही. पहिले कारण म्हणजे त्याच्या तीन दोऱ्या नेमक्या सारख्या लांबीच्या नव्हत्या. अर्ध्या इंचाच्या फरकानेही जाळे तिरपे वर येते, झोळी एका बाजूला कलते आणि शेवंड त्याच बाजूने निसटते. घरी आणल्यावर प्रत्येक जाळे दारावरच्या खिळ्याला टांगून, वरचे कडे जमिनीला समांतर राहते का हे पाहावे, आणि तसे होईपर्यंत गाठी सरकवाव्यात. हे काम एकदाच करायचे असते आणि त्याने पुढचा सगळा हंगाम सुधारतो. दुसरे कारण असे की दोऱ्या लांब आणि ढिल्या असल्याने तळावर पोहोचल्यावर त्या झोळीत आणि आमिषावर पडत. शेवंड किंवा खेकडा त्यात पाय अडकवून बसे, आणि ओढताना एखादी दोरी कड्याखाली सापडून जाळे उलटे होई. मी दोऱ्या आखूड केल्या आणि त्या जिथे एकत्र येतात तिथे मुठीएवढा तरंगणारा गोळा ओवला. तो गोळा शिंके पाण्यात ताठ उभे ठेवतो, जाळ्याचे तोंड मोकळे राहते, आणि शिंक्याच्या शेंड्यावर बसवलेला स्टेनलेस स्टीलचा कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी कडी, दोरी लावायला आणि काढायला तयार असतो. हा कॅराबिनर पुढच्या सगळ्या रचनेचा आधार आहे.

वजनाबाबत थोडक्यात. जाळी हलकी असल्यामुळे ओढ असलेल्या पाण्यात सरकतात, म्हणून खालच्या कड्याला शिशाचे चार तुकडे झिप टायने बांधावे लागतात. चारही समान अंतरावर असावेत, नाहीतर जाळे टेकताना उलटते. प्रत्येक जाळ्याला मी सुमारे दोन पौंड शिसे लावले आहे. पाच जाळ्यांचे दहा पौंड कायाकवर वाढतात, पण ते वजन खालच्या कड्यात, म्हणजे शक्य तितके खाली असल्यामुळे तोल बिघडत नाही.

आमिषाच्या पिशवीविषयी माझी तक्रार स्पष्ट आहे. सोबत आलेली मऊ जाळीची पिशवी झोळीच्या मधोमध टांगायची असते. या खाडीत समुद्रसिंह आणि सील भरपूर आहेत, आणि मॅकरेल किंवा बोनिटो माशांच्या तुकड्यांनी भरलेली मऊ पिशवी त्यांना फाडायला एक मिनिटही लागत नाही. पिशवीसोबत झोळीही फाटते, आणि रिकाम्या जाळ्यावर अर्धा तास वाया जातो. तिच्याऐवजी मी कडक प्लॅस्टिकचे झाकणाचे पिंजरे घेतले आणि ते उभे न टांगता झोळीच्या तळाशी आडवे बांधले. आडवे बांधण्याचे एक कारण म्हणजे आमिष तळालगत राहून वास नीट पसरतो. दुसरे, आणि कायाकसाठी अधिक महत्त्वाचे, कारण रचण्याशी संबंधित आहे.

जाळी एकमेकांवर रचणे हा या खरेदीतला असा भाग आहे की ज्याचा विचार दुकानात कोणी करत नाही आणि पाण्यावर गेल्यावर ज्याशिवाय दुसरा विचार सुचत नाही. खोक्यावर लिहिलेले असते की जाळी एकात एक बसतात. ते खरे आहे, परंतु जाळे पूर्ण रिकामे असेल तरच. खालच्या जाळ्याच्या लहान तोंडावर वरच्या जाळ्याचे मोठे कडे घातले, की ते उतरणीवरून घसरत खाली येते आणि वरच्या जाळ्याच्या झोळीचा ढिला तळ खालच्याच्या तोंडावर टेकून वर ढकलला जातो. खालच्या जाळ्यात दोरीचे वेटोळे, बोया किंवा उभी आमिषाची पिशवी असेल, तर वरचे जाळे त्यावर अडते आणि आत बसतच नाही. माझी पाच रिकामी जाळी एकात एक बसून उंची 18 इंच भरली. पहिल्या रात्री मी सगळ्यांप्रमाणे प्रत्येक दोरी तिच्या जाळ्यातच गुंडाळून ठेवली होती, तेव्हा तीच चळत माझ्या डोक्याच्या मागे खांद्याच्याही वर गेली होती. उंचीमुळे कायाक डुलत होती, वारा चळतीवर बसत होता आणि मागे वळून पाहणे अशक्य झाले होते.

त्याच रात्री मला सगळ्यात मोठा धडा मिळाला. वरचे जाळे पाण्यात सोडले, त्याची दोरी दुसऱ्या जाळ्याच्या दोरीत गुंतलेली होती हे अंधारात दिसले नाही, आणि पहिले जाळे तळाकडे जाताना दुसऱ्याला चळतीतून ओढून घेऊन गेले. त्याचे कडे माझ्या पाठीला आणि लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला अडकले, कायाक एका बाजूला इतकी कलली की पाणी आत आले. भाऊ दुसऱ्या कायाकमधून जवळच होता, त्याने दोरी कापली. दोन जाळी गेली असती तरी चालले असते, पण पाच मोकळ्या दोऱ्या लादलेली कायाक उलटली असती तर मी त्या दोऱ्यांच्या जंजाळात पाण्याखाली असते. म्हणून मी हे आग्रहाने लिहिते आहे की कायाकवर दोरी आणि जाळे एकमेकांना जोडलेल्या अवस्थेत कधीही रचू नये.

आताची माझी रचना अशी आहे. पाच जाळी आसनामागच्या खळग्यात, मोठे कडे खाली, एकात एक. खळग्याच्या तळाशी रबरी चटई, म्हणजे कडे घसरत नाही. वरून एकच रबरी ताणदोरी आडवी, आणि तिचा हुक उजव्या हाताला, मागे न वळता सोडता येईल असा. दोऱ्या जाळ्यांसोबत नसतात. प्रत्येक दोरीसाठी पाणी निथळणारी जाळीदार पिशवी आहे, पिशवीच्या तळाशी बोयाकडचे टोक आणि तोंडाशी जाळ्याकडचे टोक असते. पाचही पिशव्या बोयांसह पुढे पायांजवळच्या क्रेटमध्ये उभ्या ठेवते. दोरी पिशवीत गुंडाळून भरत नाही, हाताला येईल तशी वरून कोंबत जाते. वेटोळे करून ठेवलेली दोरी सोडताना एकात एक अडकते, पण कोंबलेली दोरी ज्या क्रमाने आत गेली त्याच्या उलट क्रमाने सरळ बाहेर येते. यावर विश्वास बसत नसेल त्यांनी घरी बादलीत पन्नास फूट दोरी कोंबून एकदा ओढून पाहावी. जाळे टाकायची वेळ आली की चळतीतले वरचे जाळे मांडीवर घेते, एक पिशवी उचलते, तिच्यातल्या दोरीचे टोक शिंक्यावरच्या कॅराबिनरला लावते, बोया पिशवीबाहेर काढून कडेला पाण्यावर ठेवते, आणि मगच जाळे सोडते. या क्रमात एक वेळी एकच दोरी मोकळी असते. पाच जाळी टाकायला पूर्वीपेक्षा दोन-तीन मिनिटे अधिक लागतात, आणि ती मला मुळीच जड वाटत नाहीत.

मी जाळी उलटी रचूनही पाहिली. मोठे कडे वर ठेवले तर ती वाडग्यांसारखी एकमेकांत अधिक खोल बसतात आणि चळत दोन-तीन इंचांनी बुटकी होते. पण मग सगळ्यात रुंद कडे सगळ्यात वर येते, शिशाचे वजनही वर जाते, शिंकी खाली लोंबून खळग्याच्या कडांना अडकतात, आणि शांत पाण्यातही कायाकचा तोल बदललेला जाणवतो. त्यामुळे तो प्रयोग मी सोडून दिला. रुंदीचे म्हणाल, तर माझी कायाक 34 इंच रुंद आहे आणि 32 इंचांचे कडे तिच्या बाहेर येत नाही. 36 इंचांचे जाळे दोन्ही बाजूंनी बाहेर आले असते आणि वल्हे दर फेरीला त्यावर आपटले असते. 30 इंचांहून अरुंद कायाक असलेल्यांनी हा प्रकार घेऊ नये असे माझे प्रामाणिक मत आहे. त्यांना सपाट जाळी घ्यावी लागतील, आणि तीही तीनच पुरेत. नियमाने एका व्यक्तीला पाच हूप नेट चालतात, पण कायाकला पाच पेलतात की नाही हे नियम सांगत नाही. नवशिक्याने पहिल्या काही रात्री तीनच न्यावीत.

जाळे सोडताना फेकू नये. फेकलेले शंकूचे जाळे हवेत किंवा पाण्यात उलटते आणि तोंड खाली करून टेकते. ते पाण्यावर आडवे ठेवावे, आणि दोरी हातातून हळूहळू सोडत ते तळाला टेकल्याचे जाणवले की शेवटचे काही फूट सोडून द्यावेत. दोरी मनगटाला, पायाला किंवा कायाकच्या कोणत्याही भागाला गुंडाळू नये. मी बोयाला परावर्तक पट्टी लावते आणि प्रकाशकांडी बांधते. बोयावर जाळे वापरणाऱ्याचा जीओ आयडी क्रमांक (राज्याच्या परवाना-नोंदणीत प्रत्येकाला मिळणारा ओळख क्रमांक) ठळकपणे लिहिलेला असणे 2017 पासून बंधनकारक आहे. खोक्यातले बोये इतके लहान आणि गुळगुळीत आहेत की त्यांच्यावर तो क्रमांक टिकत नाही. माझ्या दोन बोयांवरचा आकडा एका महिन्यात पुसट झाला, म्हणून मी मोठे खरखरीत बोये घेतले आणि त्यावर रंगाने लिहिले.

ओढण्यासाठी परत येताना पाण्याच्या ओढीच्या विरुद्ध दिशेने वल्हवत बोयापाशी यावे. मग दोरी ढिली राहते, कायाक जाळ्याच्या नेमकी वर येते आणि पहिला हिसका सरळ उभा बसतो. तिरप्या दोरीने ओढले तर जाळे आधी तळावरून घसटते आणि आतल्या शेवंडीला सूचना मिळते. ढिली दोरी हळूच आत घ्यावी, ताण जाणवताच एक जोराचा हिसका द्यावा आणि मग न थांबता, हातावर हात घेत, ओढत राहावे. दोरी कायाकच्या मधल्या भागाच्या आडव्या बाजूने न घेता गुडघ्यांच्या पुढच्या कोपऱ्यावरून घ्यावी, कारण बाजूने ओढले तर आपले आणि जाळ्याचे वजन एकाच कडेला जाते. येणारी दोरी सरळ गुडघ्यांमधल्या पिशवीत पडली पाहिजे. माझ्या पिशवीच्या तोंडाला प्लॅस्टिकचे कडे शिवलेले आहे, त्यामुळे ती उघडी राहते आणि डोळ्यांनी पाहावे लागत नाही. जाळे वर येताच त्याचे कडे मांडीवर टेकवायचे. इथे शंकूच्या आकाराचा आणखी एक फायदा होतो. सपाट जाळे मांडीवर कोसळते आणि त्यातली शेवंड कुठे आहे ते कळत नाही, तर हे जाळे उभे राहते आणि वरच्या तोंडातून हातमोजे घातलेला हात नेमका आत जातो.

मोजमापाचे साधन लाइफ जॅकेटला दोरीने बांधलेले असावे. डोळ्यांच्या खाचेच्या मागच्या कडेपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत सरळ रेषेत किमान सव्वातीन इंच, हे इथले माप आहे. मोजणी जाळे वर येताच करायची आणि लहान शेवंड लगेच सोडायची. या मापाला पोहोचायला तिला सात किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात, त्यामुळे सीमेवरच्या शेवंडीबाबत मी वाद घालत नाही, ती पाण्यातच जाते. अंडी असलेल्या माद्याही मी सोडते. दिवसाला सात ही मर्यादा आहे, पण कायाकवर सात जिवंत शेवंडी सांभाळणे सोपे नाही. पिशवीत घालून पाण्यात लोंबत ठेवल्या तर समुद्रसिंह येतात, म्हणून मी ओल्या गोणपाटात गुंडाळून मऊ शीतपेटीत ठेवते. अहवालपत्र (धरलेल्या शेवंडींची नोंद करायचे सरकारी पत्र) आणि पेन्सिल वेगळ्या जलरोधक पिशवीत असावेत, कारण ओल्या हातांनी ते उघडल्यावर कागद टिकत नाही. हंगाम संपल्यावर 30 एप्रिलपर्यंत तो अहवाल भरून द्यायचा असतो, एकही शेवंड मिळाली नसली तरी.

दोन तासांच्या आत प्रत्येक जाळे वर काढून पाहिले पाहिजे असा नियम आहे. माझा अनुभव असा की तीस ते चाळीस मिनिटे पुरतात, त्यानंतर आमिष खाऊन झालेल्या शेवंडी निघून जाऊ लागतात. पाच जाळ्यांची फेरी वल्हवत पूर्ण करायला मला अर्धा तास लागतो, म्हणजे पाचवे टाकून होईपर्यंत पहिले ओढायला जवळजवळ तयार असते. मोटरबोटीवाले जाळी दूरदूर टाकतात. कायाकवाल्याने ती ऐंशी-शंभर फुटांच्या अंतराने, एका ओळीत आणि ओढीच्या दिशेने टाकावीत, म्हणजे परतीच्या फेरीत ओढ समोरून येते आणि प्रत्येक बोयापाशी वर सांगितल्याप्रमाणे पोहोचता येते. खाडीच्या तोंडाशी असलेल्या झुनिगा जेट्टी या दगडी बांधाच्या बाजूला शेवंडी अधिक असतात हे खरे, परंतु तिथे भरतीला जेट्टीचा काही भाग पाण्याखाली जातो आणि लाटा अचानक फुटतात. रात्री कायाकने तिथे मी जात नाही. पॉइंट लोमाच्या टोकापाशी आणि ला होयाच्या किनाऱ्यावर 2012 पासूनची संरक्षित क्षेत्रे आहेत, त्यांच्या सीमा नकाशावर पाहूनच निघावे.

या जाळ्यांचा एक मोठा उणेपणा लाटांतून निघताना दिसतो. खाडीतल्या रॅम्पवरून शांत पाण्यात उतरायचे असेल तर 18 इंचांची चळत त्रास देत नाही. पण उघड्या समुद्रकिनाऱ्यावरून, फुटणाऱ्या लाटांतून बाहेर पडायचे असेल, तर लाट त्या चळतीवर भिंतीवर बसावी तशी बसते आणि कायाक मागे फिरवते. त्या वेळी सपाट जाळी निर्विवादपणे चांगली. पाच सपाट जाळी मिळून चार-पाच इंचांपेक्षा उंच होत नाहीत, दोन पट्ट्यांनी ती घट्ट बांधता येतात, आणि कायाक उलटली तरी त्यांना धरायला लाटेला काही नसते. म्हणून माझी जुनी सपाट जाळी मी विकलेली नाहीत. किनाऱ्यावरून निघायचे असेल तेव्हा त्यांपैकी तीन नेते आणि ओढताना शेवंडी निसटतात हे मान्य करते.

परतीच्या वेळची रचना निघतानाच्या रचनेसारखी होत नाही, हेही सांगायला हवे. ओली झोळी जड होते, तिच्यात केल्प या समुद्री शैवालाची पाने आणि समुद्रगवत अडकलेले असते, आणि जाळी एकात एक नीट बसत नाहीत. माझी चळत परतताना 22-23 इंच होते. उपाय एकच, प्रत्येक जाळे शेवटचे वर काढल्यावर ते पाण्यात दोन-तीनदा उलटे बुडवून झटकायचे, पिंजऱ्यातले उरलेले आमिष तिथेच काढून टाकायचे, आणि मग रचायचे. घाईत हे टाळले, की किनाऱ्यापर्यंतचा शेवटचा अर्धा मैल तोल सांभाळण्यात जातो.

टिकाऊपणाबद्दल. दोन हंगामांनंतर कड्यांचा सांगाडा सरळ आहे, एकही आधारकाडी वाकलेली नाही. जाळीच्या विणीला चार ठिकाणी भोके पडली, त्यांतली तीन खेकड्यांनी आणि एक समुद्रसिंहाने केलेली. नायलॉनच्या दोऱ्याने मी ती भरली आणि ती टिकली. खरी झीज तिथे झाली जिथे जाळी रचताना एकमेकांवर घासतात. आधारकाड्या वरच्या कड्याला मिळतात त्या सांध्यांवर व्हिनाइलचे आवरण सोलले गेले आणि खालच्या धातूवर गंज दिसू लागला. हा दोष वापराचा नसून घडणीचा आहे, कारण रचण्यासाठी म्हणून विकलेल्या वस्तूत घासणाऱ्या जागी जाड आवरण असायलाच हवे होते. शिवाय आधारकाड्यांच्या प्लॅस्टिकच्या टोप्यांच्या कडा धारदार आहेत आणि दुसऱ्या जाळ्याची वीण त्यात अडकते. मी त्या कानशीने घासून गोल केल्या. दर वेळी गोड्या पाण्याने जाळी, कॅराबिनर आणि पिंजऱ्यांच्या बिजागऱ्या धुते, आणि जाळी रचून न ठेवता गॅरेजच्या भिंतीला वेगवेगळी टांगते, म्हणजे सांधे कोरडे राहतात. येत्या ऑक्टोबरच्या आधी सोललेल्या सांध्यांचा गंज घासून काढायचा आहे आणि त्यांच्यावर उष्णतेने आवळणारी रबरी नळी चढवायची आहे. दोन जाळ्यांना ती चढवून झाली आहे, तीन उरली आहेत.